ठाणे-नवी मुंबईत राहून चरित्र अभिनेता म्हणून टिकायचं तर: तारखा, सेट, कागद, पैसे

घोडबंदरकर

दुसऱ्या धाग्यावर 'मालिकेत बाबा, काका, वकील, सरपंच करणाऱ्यांचं पोट नेमकं कशावर चालतं' हा प्रश्न आला आणि चर्चा टीआरपीवर घसरली. म्हणून हा वेगळा धागा. अभिनय कसा करावा, कोण मोठा नट, हे इथे नको. त्यासाठी नाटकाचे धागे आहेत.

आधी मूळ मुद्दा. निर्माता नायकाचा चेहरा विकत घेतो, चरित्र अभिनेत्याचे दिवस विकत घेतो. हे ध्यानात घेतलं नाही तर पुढचं सगळं अन्यायच वाटत राहतं.

अर्ध्या तासाच्या मालिकेचा भाग जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटांचा. आठवड्याला सहा-सात भाग जायचे म्हणजे युनिटला दिवसाला जवळपास एक भाग काढावाच लागतो. हाताशी चार-पाच भागांची बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेला साठा असेल तर महिन्याचं शेड्युल तरी मिळतं. महाएपिसोड किंवा सणाचा विशेष भाग आला की बँक संपते, आणि मग उद्याचा कॉल (सेटवर हजर होण्याची वेळ) आज रात्री दहाला येतो. लेखक ऐनवेळी सीन बदलतात, चॅनेल ट्रॅक, म्हणजे कथेचा धागा फिरवतं. तुमच्या पात्राचं घर कथेतून महिनाभर बाजूला पडलं तर तुमचे दिवस शून्य. काम वाईट झालं म्हणून नव्हे, कथा दुसऱ्या घरात गेली म्हणून.

त्यामुळे करारात दराच्या आधी दोन ओळी शोधायच्या: महिन्याला किमान किती दिवसांची हमी आहे, आणि एक्सक्लुझिव्ह आहे का. हमी नाही पण एक्सक्लुझिव्ह आहे, असा करार सर्रास पुढे येतो. त्याचा अर्थ घरी बसा, पैसे नाहीत आणि दुसरीकडे कामही करायचं नाही. हमी देत नसतील तर एक्सक्लुझिव्ह फक्त 'त्याच वेळेच्या स्लॉटमधली दुसऱ्या चॅनेलची मालिका' एवढ्यावर आणून ठेवायचं. बहुतेक प्रॉडक्शन हाउस एवढं मान्य करतात. नाटक, सिनेमा, जाहिरात, वेबसीरीज मोकळी राहिली पाहिजे.

---

सीवूडकर

चांगला धागा. मला हवंय ते अगदी सुरुवातीचं. वय ५२, स्त्री, राज्य नाट्य स्पर्धेचा अनुभव, कॅमेऱ्यासमोर काही नाही. सीवूड्सहून सुरुवात कुठून? आणि या वयात कुणी घेतं का?

---

पाचपाखाडी

ताई, वयाची काळजी सोडा. ए. के. हनगल हिंदी सिनेमात आले ते पन्नाशी ओलांडल्यावर. डॉ. श्रीराम लागूंनी कान-नाक-घशाची प्रॅक्टिस सोडून पूर्णवेळ अभिनय धरला तेव्हा ते चाळिशी पार केलेले होते. अर्थात दोघांच्या पाठीशी रंगभूमीची अनेक वर्षं होती, हे विसरायचं नाही. राज्य नाट्यचा अनुभव म्हणूनच प्रोफाइलमध्ये वर लिहा. मराठी कास्टिंगमध्ये त्याला किंमत आहे, हिंदीत फारशी नाही.

तुमच्या वयोगटात अडचण निराळीच असते. पंचेचाळीस ते साठमधल्या बायकांना आई, सासू, काकू आणि शेजारीण यापलीकडे विचारलं जात नाही. प्रोफाइलमध्ये फक्त साडीतले फोटो टाकलेत तर डॉक्टर, मुख्याध्यापिका, न्यायाधीश, पोलीस अधिकारी यासाठी नाव निघतच नाही. एक फोटो फॉर्मल शर्ट-पँटमध्ये हवाच.

फोटो पाच पुरेत: चेहरा समोरून, कमरेपर्यंत, पूर्ण उंची, डावी बाजू, उजवी बाजू. मेकअप रोजचा, फिल्टर नाही, फोटो गेल्या सहा महिन्यांतले. केस पांढरे असतील तर पांढरेच दाखवा. पांढरे केस काळे करता येतात, पण काळे केलेले केस एका रात्रीत पांढरे करायला मेकअपवाले वैतागतात आणि ते पडद्यावर राखेसारखे दिसतात.

पोर्टफोलिओच्या नावाखाली पन्नास हजार मागणारे स्टुडिओ आणि 'आर्टिस्ट कार्ड काढून देतो' म्हणणारे एजंट, दोघांनाही नमस्कार करून निघायचं. काम देणारा पैसे मागत नाही. काम मिळाल्यावर कोऑर्डिनेटर (काम जुळवून देणारा मध्यस्थ) कमिशन घेतो, तो वेगळा भाग. ते टक्के आधी व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या.

---

ऐरोली_नाका

जाण्यायेण्याचं सांगतो, कारण नवी मुंबईकरांचं अर्धं करिअर त्यातच अडतं.

हिंदीच्या ऑडिशन बहुतेक अंधेरी पश्चिमेला, आरामनगर-वर्सोवा पट्ट्यात. सीवूड्सहून हार्बरने कुर्ला, तिथून मध्य रेल्वेने घाटकोपर, पुढे मेट्रो वनने वर्सोवा. ठाण्याहून थेट घाटकोपर आणि मेट्रो. गाडी घेऊन जाऊ नका, आरामनगरच्या गल्ल्यांत ती ठेवणार कुठे?

मराठी मालिकांचे सेट मात्र पसरलेले: घोडबंदर रोड, काशिमीरा-मीरा रोड, नायगाव, गोरेगावची फिल्मसिटी, मढ. ठाणेकराला घोडबंदरचा सेट म्हणजे लॉटरी वाटते. पण गायमुख घाटात एक कंटेनर बंद पडला की कासारवडवलीपासून रांग लागते. सातचा कॉल असेल तर घाट साडेसहाच्या आत पार करा. फिल्मसिटीसाठी नवी मुंबईहून ऐरोली पूल, मग पवईवरून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड. सकाळी आठनंतर त्या रस्त्याचा भरवसा नाही. मढसाठी मालाडहून आत जावं लागतं, तिथे परतीचा प्रश्न मोठा.

म्हणून बायकांनी, आणि खरं तर सगळ्यांनीच, करारात लिहून घ्यायचं: पॅकअप रात्री नऊनंतर झाला तर घरापर्यंत गाडी. 'बघू, करू' याला अर्थ नसतो. नाहीतर पॅकअप पावणेबाराला आणि शेवटची पनवेल लोकल गेलेली.

---

कंटिन्युइटी

घोडबंदरकरांनी दिवसांचं सांगितलं. दुसरी गोष्ट सातत्य. चरित्र अभिनेत्याला परत बोलावतात की नाही, ते अभिनयापेक्षा यावर जास्त ठरतं, हे ऐकायला कितीही रुक्ष वाटलं तरी.

कथेतला एक दिवस शूटिंगच्या तीन-चार दिवसांत विभागलेला असतो. नाश्त्याचा सीन सोमवारी, त्याच सकाळचा दारातला सीन पुढच्या बुधवारी. नायिकेकडे चार माणसं लक्ष ठेवून असतात. मागे उभ्या असलेल्या काकांकडे कुणी नसतं. घड्याळ कुठल्या हातात, बाही किती दुमडलेली, चष्मा डोळ्यावर की खिशात, कपाळावर गंध की नाही, जानवं दिसतंय का, हे तुमचं तुम्ही टिपायचं. सेटवर मोबाइलने फोटो काढायला बंदी असेल तर कॉस्च्युम असिस्टंटला काढायला सांगा. समोरून एक, बाजूने एक, सीन नंबर आणि कथेचा दिवस लिहून. स्वतःच्या वहीत दोन ओळी.

सीनच्या आतलं सातत्य त्याहून कठीण. मास्टरमध्ये (पूर्ण सीनच्या लांबच्या शॉटमध्ये) चहाचा कप 'पण वहिनी' या शब्दांवर उचललात तर क्लोजमध्येही (चेहऱ्याच्या जवळच्या शॉटमध्येही) तिथेच उचला. ज्याला हे जमत नाही त्याचा क्लोज एडिटर वापरूच शकत नाही, आणि मग तक्रार असते की 'माझे शॉट कापले'. लांब सीनमध्ये हातात काही घेऊ नका, हा सोपा उपाय. खाण्याचा सीन असेल तर घास छोटा आणि दोन वाक्यांत एकच, कारण तोच घास आठ वेळा खायचाय.

दोन-तीन कॅमेरे एकदम चालतात तेव्हा समोरच्याचं वाक्य पूर्ण संपू द्या. नाटकात वाक्यावर वाक्य चढवलं की जिवंतपणा येतो, इथे त्याने दोघांचाही आवाज वाया जातो. आपलं वाक्य झाल्यावर तीन-चार सेकंद चेहरा सोडू नका. त्या तीन सेकंदांवरच मालिका चालते!

लॅपल माइक (कपड्यावर लावायचा छोटा माइक): खळ दिलेला कुर्ता खरखरतो, नायलॉनचं अस्तर त्याहून जास्त. बायकांच्या बाबतीत मंगळसूत्र आणि माइक यांची जागा एकच येते. साउंडवाल्याला माइक बाजूला सरकवायला सांगा, नाहीतर दर श्वासाला मणी वाजतात आणि पूर्ण सीन डबिंगला जातो. डबिंगच्या दिवसाचे पैसे करारात आहेत का, तेही बघून ठेवा. नसतात.

---

नाट्यवेडी

"नाटकात वाक्यावर वाक्य चढवलं की जिवंतपणा येतो" याला तीव्र आक्षेप, पण विषयांतर नको.

मला वेगळंच म्हणायचंय. इथे सगळे दिवस, दर, माइक बोलताय. चरित्र अभिनेता लक्षात राहतो तो ठरावीक प्रतिमेच्या छापामुळे. किशोर नांदलस्करांचा 'जिस देश में गंगा रहता है' मधला सन्नाटा घ्या. पात्र लहान, पण हिंदी प्रेक्षकाने त्यांना त्याच नावाने ओळखलं. आणि छाप टाळायचा म्हणून एकाच प्रकारचे रोल नाकारावेत का, यावर कुणीच बोलत नाहीये.

---

पाचपाखाडी

बोलू या. जगदीश राज यांची गिनीज बुकात नोंद आहे ती १४४ चित्रपटांत पोलीस इन्स्पेक्टर केल्याची. याला छाप म्हणा नाहीतर पेन्शन म्हणा. आपल्या ठाण्याचे रवी पटवर्धन घ्या. भरदार आवाज आणि मिश्यांमुळे पाटील, न्यायाधीश, पोलीस अधिकारी अशाच भूमिका पुढे येत राहिल्या आणि त्यांनी त्या केल्याही. पण रत्नाकर मतकरींच्या 'आरण्यक'मधला धृतराष्ट्र त्यांनी ऐंशी ओलांडल्यावर पुन्हा उभा केला, आणि 'अग्गंबाई सासूबाई'मधले आजोबा ही अगदी शेवटची कामगिरी घराघरांत पोहोचली. म्हणजे छापाने घर चालवायचं आणि छाप मोडायचं काम रंगभूमीवर करायचं. ही विभागणी मला शहाणपणाची वाटते.

नकार कुठे द्यावा? एकाच वेळी एकाच चॅनेलवर दोन मालिकांत एकसारखा बाप करू नये. चॅनेललाही ते चालत नाही. आणि एक-दोन वाक्यांचा रोल ज्या मालिकेत केलात, तिथे मोठ्या पात्रासाठी पुढचे बरेच महिने नाव निघत नाही, कारण चेहरा दिसून गेलेला असतो. गर्दीत उभं राहण्याचं काम तर चरित्र भूमिकांच्या शोधात असलेल्याने घेऊच नये. त्याची भरती, दर, संघटना सगळं वेगळं आहे, आणि एकदा कोऑर्डिनेटरच्या यादीत तुम्ही त्या रकान्यात गेलात की बाहेर पडायला फार वेळ लागतो.

---

घोडबंदरकर

नाट्यवेडी, नाटकाचा मुद्दा तारखांच्या बाजूनेही येतो. शुक्रवार ते रविवार प्रयोग. प्रयोग ठाण्याच्या गडकरी-घाणेकर, मुलुंडच्या कालिदास किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहात असेल तर ठाणेकराला संध्याकाळी पाचला सेट सोडून साडेआठचा प्रयोग गाठता येतो. पुण्याचा प्रयोग असेल तर तो अख्खा दिवस गेला म्हणायचं. मालिकेच्या क्रिएटिव्ह टीमला पुढच्या महिन्याच्या प्रयोगांच्या तारखा आदल्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत लेखी द्या, कारण साधारण त्याच सुमारास पुढचे ट्रॅक बांधतात. फोनवर सांगितलेली तारीख कुणाच्या लक्षात राहत नाही. आणि 'पाचला सोडा' लिहिताना 'कॉल सातचा द्या' हेही लिहा. नऊचा कॉल आणि पाचला सुट्टी कुणी देत नाही.

---

सीवूडकर

खूप उपयोगी. घरून ऑडिशन पाठवायची तर काय काय बघायचं? आमच्या हॉलमध्ये ट्यूबलाइट आहे आणि रेकॉर्ड केलं की व्हिडिओत पट्टे येतात.

---

कंटिन्युइटी

पट्टे येतात कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि फोन बहुतेक ३० फ्रेमवर शूट करतो. फोनच्या प्रो मोडमध्ये २५ फ्रेम आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्टे जातील. प्रो मोड नसेल तर ट्यूब बंद करून दिवसा खिडकीसमोर बसा. खिडकी तुमच्यासमोर हवी, पाठीमागे नको.

फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीला, स्टँडवर. १०८० पी पुरे. फ्रेम छातीपासून वर. मागे साधी भिंत. देव्हारा, शोकेस, वाळत घातलेले कपडे दिसू देऊ नका. पंखा बंद. समोरची वाक्यं वाचणारा माणूस लेन्सच्या अगदी बाजूला बसवा आणि त्याला हळू बोलायला सांगा, तो फोनच्या जवळ असल्यामुळे त्याचाच आवाज मोठा येतो.

आधी इंट्रो, वीस-तीस सेकंदांत: नाव, उंची, राहण्याचं ठिकाण, भाषा, मागितलेल्या तारखांना मोकळे आहात का, मग डावी-उजवी बाजू आणि हात. वय विचारल्याशिवाय सांगू नका, 'पंचेचाळीस ते साठ' असा पट्टा सांगा. सीन वेगळ्या फाइलमध्ये. मालवणी, आगरी, वऱ्हाडी खरंच येत असेल तरच लिहा. सेटवर लेखकच त्या भागातला निघतो आणि पंचाईत होते. तुमच्याकडे आगरी कानावर असेलच. ती नीट येत असेल तर मोठा फायदा आहे.

फाइल व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, व्हिडिओ म्हणून पाठवली की दर्जा घसरतो. ड्राइव्हची लिंक देत असाल तर परवानगी 'लिंक असलेल्या कुणालाही' अशी करा. कास्टिंगवाला 'अॅक्सेस द्या' अशी विनंती पाठवत बसत नाही, तो पुढच्या नावाकडे जातो. फाइलचं नाव: तुमचं नाव, पात्राचं नाव, फोन नंबर. कास्टिंगच्या फोनमध्ये 'व्हिडिओ १' नावाच्या शेकडो फाइली पडलेल्या असतात.

---

नाट्यवेडी

कपड्यांचं राहिलं. चरित्र अभिनेत्याला पहिले काही दिवस स्वतःचेच कपडे आणायला सांगतात. पुरुषांनी दोन फिकट हाफ शर्ट, राखाडी पँट, कुर्ता-पायजमा, बिनबाह्यांचा स्वेटर, साधी चप्पल आणि बूट एवढं तयार ठेवावं. बायकांनी चार सुती आणि दोन काठपदर साड्या, मॅचिंग ब्लाऊजसकट. पांढराशुभ्र रंग, बारीक रेघा, बारीक चौकडी नको. कॅमेऱ्यात बारीक रेघा लहरतात. छापील नाव किंवा लोगो नको. चष्मा लागत असेल तर जादा फ्रेम घ्या, काचेला अँटी-ग्लेअर कोटिंग हवं, नाहीतर लाइट काचेत दिसतात. स्वतःची साडी पात्राची म्हणून ठरली की ती घरी नेऊ नका. सेटवर ठेवून पावती घ्या, किंवा प्रॉडक्शनला विकत घ्यायला लावा. पुढचे सहा महिने ती साडी तुमची नसते.

---

हिशेबनीस

आता पैसे, ज्यासाठी मी वाट बघत होतो.

मालिकांमध्ये ९० दिवसांचा रिवाज आहे. जूनचं काम, इन्व्हॉइस जुलैच्या पहिल्या आठवड्यात, पैसे ऑक्टोबरच्या सुरुवातीला. म्हणजे काम मिळाल्यावरही घरात चार महिन्यांचा खर्च बाजूला हवा. मालिका अचानक बंद झाली तर अडकतात ते शेवटच्या तीन महिन्यांचे पैसे, आणि तेव्हा प्रॉडक्शन मॅनेजरही बदललेला असतो.

रोज पॅकअपला आपली इन-आउट वेळ रजिस्टरमध्ये लिहिली गेली का, ते बघा. महिनाअखेरीला दिवसांची मोजणी प्रॉडक्शनकडून मेलवर मंजूर करून घ्या आणि मगच इन्व्हॉइस पाठवा. इन्व्हॉइस परत येण्याचं कारण बहुतेक वेळा एकच, दिवसांचा आकडा जुळत नाही. त्यांच्या हिशेबात अर्धा दिवस, तुमच्यात पूर्ण. शिफ्ट बारा तासांची ठरली असेल तर अर्ध्या दिवसाला पैसे अर्धे की पूर्ण, ते करारातच हवं. बारा तासांच्या पुढे काय, तेही.

टीडीएस १० टक्के कापतात. उदाहरणापुरतं, दहा दिवस, दिवसाला ४,००० धरले तर ४०,००० पैकी ३६,००० हातात. पॅन आधारशी जोडलेलं नसेल तर २० टक्के कापतात. कापलेला टीडीएस भरला का, हे आयकर पोर्टलवरच्या तुमच्या टीडीएस नोंदींत (२६एएस) दिसतं. एप्रिल-जूनचं विवरण निर्मात्याने ३१ जुलैपर्यंत भरायचं असतं, तेव्हा ऑगस्टमध्ये एकदा उघडून बघा. नोंद नसेल तर लगेच मेल करा, मार्चनंतर कुणी विचारत नाही.

चित्रपट कलाकार हा आयकरात अधिसूचित व्यवसाय आहे. जमा ५० लाखांच्या आत असेल तर गृहीत उत्पन्नाच्या योजनेत निम्मी रक्कम उत्पन्न धरून विवरण भरता येतं, हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागत नाहीत. त्यात आगाऊ कर एकाच हप्त्यात, १५ मार्चपर्यंत. फक्त मालिका आणि जाहिराती करत असाल तर तुमची बाब यात कशी बसते, ते सीएकडून एकदा तपासून घ्या. जीएसटीची नोंदणी वर्षाला २० लाखांच्या पुढे. चरित्र भूमिकांतले बहुसंख्य तिथवर पोहोचत नाहीत, उगाच घाबरून नोंदणी करू नका.

---

ऐरोली_नाका

पैसे अडकले तर सिंटाकडे जाता येतं ना?

---

हिशेबनीस

सभासद असाल तर. सिंटा १९५८ पासूनची कलाकारांची संघटना आहे, तक्रार घेते, निर्मात्याला बोलावते. पण हातात करार, इन्व्हॉइस आणि दिवस मंजूर केल्याचा मेल हवा. तोंडी ठरलेल्या दरावर कुणीच फार काही करू शकत नाही. मराठी सिनेमासाठी कोल्हापूरचं अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ आहे. ९० दिवस उलटल्यावर एक आठवणीचा मेल, पंधरा दिवसांनी दुसरा, मग तक्रार, या क्रमाने गेलात तर प्रकरण मजबूत राहतं. सहा महिने फोनवर 'दादा बघा ना' करून मग गेलात तर हातात काहीच नसतं.

---

पाचपाखाडी

वृद्ध कलावंतांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची मानधन योजना आहे, पण उत्पन्नाची अट इतकी खालची आहे की अधूनमधून का होईना काम करणारा त्यात बसणं कठीण. त्यावर आखणी करू नये.

एक प्रश्न राहतो. मालिका संपते, ओटीटीवर वर्षानुवर्षं चालते. चरित्र अभिनेत्याला त्यातलं काय?

---

घोडबंदरकर

२०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात कलाकाराला व्यावसायिक वापरासाठी रॉयल्टीचा हक्क आहे. चित्रपटात सामील व्हायला लेखी संमती दिली की वापराला हरकत घेता येत नाही, रॉयल्टीचा हक्क मात्र उरतो. प्रत्यक्षात दिवसाच्या दरावर काम करणाऱ्याला ती मिळत नाही, आणि करारात 'सर्व माध्यमं, सर्व काळ' असं छापलेलं असतं. एकट्याने भांडून ती ओळ निघणार नाही. त्याऐवजी जे मिळू शकतं ते मागा: आपल्या सीनच्या क्लिप शोरीलसाठी (आपल्या निवडक कामाच्या व्हिडिओसाठी) वापरायची लेखी परवानगी. नाहीतर दोन वर्षं काम करून शोरील रिकामी, कारण अपलोड केलेली क्लिप चॅनेलच्या कॉपीराइट दाव्याने उडते.

सीवूडकर ताई, तुमची पहिली ऑडिशन ठरली की पात्राचं वर्णन इथे टाका, मालिकेचं नाव न सांगता. कपडे आणि इंट्रो बघून सांगू.